ड्रमरच्या अलीकडे थांबलेला हार

माझे घरमालक कवळ्या बनवायचे. उभं आयुष्य त्या धंद्यात गेल्यामुळे समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलायची सवय त्यांना कधी लागलीच नाही. ते थेट तोंडात बघायचे. अमेरिकेत पिस्कॅटवेजवळच्या एका जुन्या गावात त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्याने घ्यायला मी गेले, तेव्हा नाव नाही, गाव नाही, नोकरी कुठे तेही विचारलं नाही. दारातच म्हणाले, "झोपेत दात आवळतेस तू. डावीकडचे. कोणावर एवढी चिडली आहेस?"

मी माझ्या मॅनेजरवर चिडले होते. पण पहिल्याच भेटीत एका अनोळखी म्हाताऱ्याला हे कशाला सांगा, म्हणून "जागा बघू का?" एवढंच म्हटलं. त्यांनी किल्ली दिली आणि त्या दिवसापासून माझं नाव पडलं 'अपस्टेअर्स'. खरं नाव त्यांना येत होतं. माझं कुरिअर ते नाव वाचूनच घ्यायचे. पण हाक शेवटपर्यंत तीच. बोलायचे अर्थात इंग्रजीत. माझ्या आठवणीत मात्र ते स्वच्छ मराठीत बोलतात, त्याला माझा इलाज नाही.

पंच्याहत्तरी ओलांडलेला कृष्णवर्णीय माणूस, उंच, किडकिडीत, डोक्यावर एक केस नाही, आणि शर्टाच्या खिशात कायम एक छोटी सुरी. ती कवळीचं मेण कापायची. ते निवृत्त झाले होते, सुरी झाली नव्हती. सफरचंद तिनेच कापायचं, पाकिटं तिनेच फोडायची, सुकलेल्या रंगाच्या ट्यूबा तिनेच उघडायच्या. टीव्हीवर कोणी पुढारी भाषण करायला लागला की हे आवाज बंद करत आणि नुसतं तोंड बघून निकाल देत. "खालची कवळी सैल आहे. याचं काही खरं नाही." मग आवाज न वाढवताच चॅनेल बदलत.

खाली रोज सकाळी रेकॉर्ड सुरू व्हायची. बहुतेक वेळा सॅक्सोफोन. नेमकी तेव्हाच माझी पुण्याच्या टीमबरोबर मीटिंग असायची. सुरुवातीला मी म्यूट करायची, माफी मागायची. महिन्याभरात पुण्याची पोरंच विचारायला लागली, "मॅडम, आज म्युझिक नाही का?" एकदा आमचा सर्व्हर पडला होता, सगळे हवालदिल, आणि खालून तो सॅक्सोफोन असा काही चढत गेला, की पुण्याहून एक जण म्हणाला, "यार, आता तर हे फिक्स व्हायलाच पाहिजे." झालंही. मी खाली जाऊन ही गंमत सांगितली, तर घरमालकांना त्यात गंमत अशी काही दिसलीच नाही. "तो तसाच आहे," ते म्हणाले. "कोणी अडलेलं दिसलं की त्याला राहवत नाही."

हा सॅक्सोफोनवाला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, हे मला नंतर कळलं. गेलेल्या माणसांबद्दल ते कायम वर्तमानकाळातच बोलायचे.

ही सगळी माणसं त्यांच्या गॅरेजमध्ये राहत होती. गाडी बिचारी बाहेर बर्फात उभी असे आणि गॅरेजच्या लांब भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत कॅनव्हासवरचं एक चित्र. गावात एके काळी कृष्णवर्णीय वादकांचा एक क्लब होता, त्याचं स्टेज. शहरात मोठमोठ्या हॉटेलांत ज्यांना वाजवायला बोलवत पण जेवायला बसू देत नसत, ती मंडळी इथे येऊन आधी पोटभर जेवायची आणि मग पहाटेपर्यंत वाजवायची. पुढे क्लब पाडला, तिथे पार्किंग झालं, माणसं एकेक करून गेली. गावच्या वर्तमानपत्रात त्या काळी त्यांच्या जाण्याची दोन ओळींची बातमीसुद्धा धड येत नसे. कोणीतरी न्हाव्याच्या दुकानात सांगायचं, की अमका गेला म्हणे. घरमालकांचा राग त्या 'म्हणे'वर होता.

म्हणून त्यांनी नियम केला होता. चित्रात यायचं तर माणूस गेलेला हवा, आणि गेल्याची खात्री हवी. ते स्वतः अंत्यविधीला जायचे, गाव कितीही लांब असो. शवपेटीजवळ उभे राहायचे, नंतर चर्चमध्ये सगळ्यांबरोबर जेवायचे, घरी येऊन कोट खुंटीला लावायचे आणि मग रंग काढायचे. "ऐकीव बातमीवर मी कोणाला मारत नाही." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे, की आमच्या ऑफिसात कोणी "प्रोजेक्ट बंद होतोय म्हणे" असं म्हणालं, की मीही तेच म्हणायला लागले होते.

याचं मूळ त्यांच्या वडिलांपाशी होतं. वडील दुसऱ्या राज्यात कारखान्यात होते, तिथे आग लागली, आणि रविवारी चर्चमध्ये आगीत मेलेल्यांची नावं वाचताना पाद्रीबुवांनी वडिलांचंही नाव वाचून टाकलं. आईने हंबरडा फोडला, काळे कपडे घातले, नवऱ्याचा एकुलता एक सूट गरजू माणसाला देऊन टाकला. पुढच्या रविवारी वडील हसत दारात उभे. त्यांना काहीच झालं नव्हतं, पण सूट गेला तो गेलाच. "बाप माझा मरेपर्यंत उसन्या कोटात चर्चला गेला," घरमालक सांगायचे. "आणि तो सूट घातलेला माणूस कायम पुढच्या बाकावर!" हे सांगताना ते हसत, आणि हसताना त्यांची स्वतःची कवळी दिसे. ती मात्र त्यांनी कोणाकडून बनवून घेतली होती हे कधीच सांगितलं नाही.

चित्र काढायची त्यांची पद्धतही धंद्यातूनच आलेली. आधी तोंड. नाक, डोळे, हात, वाद्य सगळं नंतर. कारण यातले बहुतेक जण त्यांची गिऱ्हाइकं होती. ट्रम्पेटवाला क्लबच्या पायऱ्यांवर पडला आणि पुढचे दात गेले. ट्रम्पेटवाल्याचे पुढचे दात गेले म्हणजे संपलंच सगळं. घरमालक तेव्हा तरुण होते, धंद्यात नवखे. पुन्हा पुन्हा साचे घेऊन, पुन्हा पुन्हा मोडून, त्यांनी अशी कवळी बनवली की ट्रम्पेटवाला परत उभा राहिला. गाणाऱ्या बाईंच्या पुढच्या दोन दातांत फट होती, ती बुजवून द्यायला हे तयार होते; बाई म्हणाल्या, "खबरदार. आवाज तिथूनच बाहेर येतो." चित्रात ती फट अशी काढली आहे की बघताना आपणही कान देतो.

आणि उजव्या टोकाला ड्रमर. त्याच्याशिवाय स्टेज उभं राहीना, म्हणून एवढ्यापुरता उलटा क्रम. सूट, टाय, हॅट, हातात ड्रमवर फिरवायचे ते तारांचे ब्रश, सगळं जिथल्या तिथे. चेहरा नाही. हॅटखाली नुसतं राखाडी कॅनव्हास.

हा माणूस एक दिवस क्लबच्या मालकाशी भांडून, ड्रम गाडीत टाकून पश्चिमेला निघून गेला तो परत आलाच नाही. कोणी म्हणे शिकागोला आहे, कोणी म्हणे ओहायोत पुरला. घरमालकांनी फोन करून करून थकल्यावरही शोध सोडला नव्हता. "आणि मुख्य अडचण कुठली माहीत आहे?" ते म्हणायचे. "त्याचे दात चांगले होते. सगळ्या बँडमध्ये हा एकच माझ्याकडे कधी आला नाही. त्याचं तोंड मी कधी हातात धरलंच नाही."

खरी अडचण वेगळी होती. पार्किंगच्या जागी आता गावाची नवी लायब्ररी झाली होती, आणि ज्या जागेवर स्टेज होतं तिथल्याच भिंतीवर हे चित्र कायमचं लावायचं ठरलं होतं. लायब्ररीच्या प्रमुख बाई चित्राच्या प्रेमात होत्या. पण त्यांच्या बोर्डाचा नियम, की कायमच्या भिंतीवर अपुरं काम लागणार नाही. बाई बिचाऱ्या दर आठवड्याला यायच्या आणि गॅरेजमध्ये स्टुलावर बसून समजावायच्या. "हयात असता तर नव्वदीच्या पुढे असता. गेलाच असणार. फोटोवरून चेहरा रंगवून टाका ना. नाहीतर उद्‌घाटनानंतर मला चित्र खाली तळघरात ठेवावं लागेल."

"ठेवा," घरमालक म्हणायचे आणि ब्रश धुवायला लागायचे.

बाई गेल्यावर मात्र त्यांची रेकॉर्ड त्या दिवशी लागत नसे. या चित्रासाठी त्यांनी निम्मं आयुष्य दिलं होतं, आणि ज्या जागेवर ही माणसं वाजवायची त्याच जागेवर ती परत उभी राहावीत, याशिवाय त्यांना काही नको होतं. एक चेहरा काढला असता तर मिळत होतं. मला त्यांचा भयंकर राग यायचा. मी एकदा म्हटलंही, "एवढ्या सगळ्यांना एका माणसासाठी तळघरात घालणार तुम्ही?" ते माझ्या डाव्या जबड्याकडे बघत म्हणाले, "पुन्हा आवळते आहेस."

त्याच वसंतात आई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आली. आईला इंग्रजी जेमतेम आणि घरमालकांना मराठी शून्य, त्यामुळे दोघांचं फार छान जमलं. आई त्यांना 'दातवाले' म्हणायची, ते आईला 'बॉस'. आईने चकल्या पाठवल्या तर त्यांनी एक कानाजवळ धरून मोडली, आवाज ऐकला आणि म्हणाले, "बॉसने हे विकायला काढलं असतं तर माझा धंदा दुप्पट झाला असता." मी भाषांतर केलं. आईने दुसऱ्या दिवशी डिंकाचे लाडू पाठवले.

एकदा आमचा हीटर बघायला ते वर आले आणि माझ्या बाबांच्या फोटोपुढे थांबले. फोटोला चंदनाचा हार होता. हे काय, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, की आमच्यात माणूस गेला की त्याच्या फोटोला हार घालतात. जिवंत माणसाच्या फोटोला चुकूनही घालत नाहीत, फार अशुभ. ते एकदम खूश झाले. "म्हणजे कोणीही घरात आलं की त्याला लगेच खरं काय ते कळतं! कोणाला विचारायला नको, कोणी 'म्हणे' म्हणायला नको!" मग नेहमीच्या सवयीने बाबांच्या तोंडाकडे निरखून बघत म्हणाले, "वरचे दात जरा पुढे. शीळ घालायचे का हे?"

मी आईला सांगितलं, आणि आई मटकन खुर्चीत बसली. बाबा रोज दाढी करताना शीळ घालायचे. आख्खी गल्ली त्यावर घड्याळ लावायची. ते गेल्यापासून आईने ही गोष्ट कोणापाशी काढली नव्हती, माझ्यापाशीही नाही. ती रडली, आणि मग रडता रडता हसायला लागली. घरमालक हीटर तसाच टाकून तिच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बॉसला विचार, माझ्या चित्रासाठी असा हार मिळेल का?"

दुसऱ्या दिवशी आईला गॅरेजमध्ये नेलं. तेव्हा पियानो वाजवणाऱ्या बाई नुकत्याच गेल्या होत्या आणि पियानोमागे त्यांचं फक्त तोंड काढून झालं होतं. "अगं बाप्पा!" आई दचकलीच. "नुसतं तोंड? काय करून राहिले हे?" मग सावरून ती या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालत गेली, प्रत्येकापुढे थांबत, आणि ड्रमरपाशी आल्यावर तिने विचारलं, "हे सगळे गेलेले आहेत का?"

"हा सोडून," मी म्हटलं. "याचं नक्की माहीत नाही."

"मग हार याच्या अलीकडे थांबवायचा," आई म्हणाली. "नक्की माहीत नसताना घालून कसं चालेल?"

मी हे इंग्रजीत सांगितलं. घरमालकांनी हातातला ब्रश खाली ठेवला. मग आईचे दोन्ही हात धरून ते एवढंच म्हणाले, "इतक्या वर्षांत मला बरोबर म्हणणारी ही पहिली बाई." आईने डोळे पुसले आणि मला विचारलं, की त्यांनी दुपारी काही खाल्लं आहे का.

उद्‌घाटनाच्या दिवसासाठी जवळच्या एडिसन गावच्या फुलवाल्याकडे झेंडूचा लांबलचक हार सांगितला आणि तो लावायचं काम दिलं आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या डेकोरेशनवाल्या काकांना. हे काका मूळचे पुण्याचे, अमेरिकेत येऊन तीस-एक वर्षं झालेली, दिवसा सॉफ्टवेअर आणि उरलेला सगळा वेळ मखर. त्यांना मी तीनदा बजावलं होतं. पण काकांचा एक स्वभाव आहे. डावी बाजू आणि उजवी बाजू सारखी दिसली नाही तर त्यांना अन्न गोड लागत नाही. फुलवाल्याने हार जरा जास्तच लांब दिला होता. ड्रमरच्या अलीकडे हार संपवला तेव्हा काकांना उजवीकडे भिंत उघडी दिसली, हातात फुलं उरली होती, शिडी तिथेच होती. मग काय. त्यांनी आणखी एक हुक मारला, हार पार टोकापर्यंत नेला आणि वरून पडदा सोडला.

लायब्ररीचा हॉल भरला होता. वादकांची मुलं-नातवंडं, चर्चची मंडळी, आमच्या मंडळाचे लोक. बाईंनी दोरी ओढली, पडदा खाली आला, टाळ्या सुरू झाल्या, आणि आई ताडकन उठून उभी राहिली. "अगं बाई! त्याला घातला की!"

ड्रमरच्या बिनचेहऱ्याच्या हॅटवर झेंडूचा घसघशीत हार लोंबत होता.

घरमालक माइकपाशी भाषणाचा कागद उघडत होते. त्यांनी आधी आईकडे पाहिलं, मग चित्राकडे. कागद घडी करून खिशात ठेवला. "शिडी," ते म्हणाले. काका पांढरेफटक पडले. "सॉरी सॉरी, मी काढतो ना, तुम्ही नका चढू," म्हणत पुढे धावले, पण तोवर हे वर चढले होते. खिशातून ती मेणाची सुरी निघाली. शेजारी बास वाजवणाऱ्याच्या आणि ड्रमरच्या मधोमध त्यांनी हार कापला. उरलेला तुकडा खांद्यावर टाकून ते शिडीवरूनच बोलले.

"तळघर मला मान्य आहे. पण या माणसाला मी ऐकीव बातमीवर मारणार नाही, आणि चुकूनही मारू देणार नाही. या जागेवर वाजवणाऱ्यांची मरणं कोणी नीट लिहून ठेवली नाहीत. निदान हे एक जगणं तरी मला खोटं लिहायचं नाही."

हॉलमध्ये एवढी शांतता, की आईचं पुटपुटणं सगळ्यांना ऐकू गेलं. "बॉस काय म्हणते आहे?" त्यांनी वरूनच विचारलं. मला माइकपाशी जावंच लागलं. मी सांगितलं, "ती म्हणते, काळजी करू नका. आमच्याकडे म्हणतात, माणूस गेल्याची खोटी बातमी उठली की त्याचं आयुष्य वाढतं."

जो हशा उठला आणि ज्या टाळ्या पडल्या, त्यात भाषण तसंच राहून गेलं.

आता काकांचा दुसरा स्वभाव. आपलं डेकोरेशन फुकट गेलं तरी त्याचा व्हिडिओ फुकट घालवायचा नाही. त्यांनी तो मंडळाच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, "माझी चूक, पण बघाच." तिथून तो दुसऱ्या मंडळाच्या ग्रुपवर गेला, तिथून तिसऱ्या, आणि असा करत करत शिकागोजवळ नेपरव्हिलला एका मराठी घरात पोचला. त्या घरातल्या काकूंच्या शेजारी एक कृष्णवर्णीय कुटुंब राहतं. मजेदार म्हणून काकूंनी तो कुंपणावरून शेजारणीला दाखवला. शेजारीण फोन घेऊन घरात गेली, ती बाहेर येईचना. तिच्या आजोबांनी तो व्हिडिओ परत परत लावायला सांगितला होता.

शेजारणीचा फोन थेट लायब्ररीत आला, आणि लायब्ररीच्या बाई धावतच आमच्या घरी आल्या. चित्र तळघरात जायला दोनच दिवस उरले होते. घरमालक अंगणात पाणी घालत होते. बाईंना धाप लागल्यामुळे बोलता येईना, म्हणून त्यांनी फोन तसाच यांच्या कानाला लावला. पलीकडून एक जाड, खरखरीत आवाज म्हणाला, "माझा हार कोणी कापला रे?"

घरमालकांच्या हातातली नळी खाली पडली आणि सगळं पाणी बाईंच्या बुटांत गेलं. दोघांनाही त्याचं भान नव्हतं.

नातीने गाडीतून आणलं त्याला. नव्वदी ओलांडलेला, काठी टेकत, पण सूट आणि हॅट थेट चित्रातल्यासारखी. घरमालक सकाळपासून लायब्ररीच्या दारात येरझाऱ्या घालत होते. तो समोर आला तेव्हा मिठी नाही, हात मिळवणं नाही. हे म्हणाले, "तोंड उघड."

त्याने उघडलं. घरमालकांनी वाकून, मान वाकडी करून, आत पाहिलं. "सगळे स्वतःचे," ते म्हणाले, आणि तिथेच, दारात, भर दुपारी, ओक्साबोक्शी रडायला लागले.

ड्रमर चित्रापुढे गेला. डावीकडून सुरुवात करून एकेकाशी बोलत बोलत पुढे सरकला. ट्रम्पेटवाल्याला म्हणाला, "अजून तालाच्या पुढेच पळतोस." गाणाऱ्या बाईंपुढे त्याने हॅट काढली. स्वतःच्या जागेपाशी पोचला, तेव्हा तो राखाडी तुकडा बराच वेळ बघून म्हणाला, "टाय चुकलाय. असला टाय मी मेलो तरी घालणार नाही."

"म्हणून तर थांबलो होतो," घरमालक म्हणाले.

आईने पिशवीतून एक छोटा हार काढला. मी तिला अडवणार होते, पण ती माझ्यापेक्षा शहाणी आहे. तिने तो सरळ त्याच्या गळ्यात घातला. "सांग त्यांना," ती म्हणाली, "गेलेल्याचा फोटोला, जिवंत माणसाचा गळ्यात." डेकोरेशनवाल्या काकांनीही प्रायश्चित्त म्हणून शाल-श्रीफळ आणलं होतं. ड्रमरने नारळ बोटांनी वाजवून बघितला, कानाजवळ नेला, पुन्हा वाजवला आणि काकांना म्हणाला, "हा सुरात आहे." काकांनी तो प्रसंग अजून कोणाला सांगायचा ठेवलेला नाही.

मग त्याने कोटाच्या आतल्या खिशातून ब्रश काढले. ड्रम नव्हते. त्याने लायब्ररीतलं एक वर्तमानपत्र मागून घेतलं, गावचंच, टेबलावर पसरलं आणि त्यावर ब्रश फिरवायला लागला. कागदावरून तारांचा तो आवाज, आधी हलका, मग पावलं पडल्यासारखा, मग सगळा हॉल त्या तालावर. ज्या पेपरने त्या माणसांची मरणं छापली नव्हती, त्याच्यावर हा जिवंत बसून वाजवत होता. घरमालकांचे ओठ हलत होते; ते बाकीच्यांचे भाग गुणगुणत होते. लायब्ररीत शांतता राखा, अशी पाटी त्याच भिंतीवर होती. बाईंनी स्वतःच्या हाताने ती काढली आणि पालथी ठेवली. वाजवणं संपल्यावर त्या म्हणाल्या, "बोर्डाला मी सांगते. चित्र पूर्ण आहे."

ते तिथेच आहे. राखाडी चेहऱ्यासकट.

पुढे मी वेस्ट विंडसरला राहायला गेले. दोन हिवाळ्यांनी जुन्या शेजाऱ्यांचा फोन आला, की तुझे घरमालक गेले म्हणे. मी तशीच गाडी काढली. चर्चमध्ये गेले, शवपेटीजवळ उभी राहिले, त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, सगळ्यांबरोबर जेवले. मग घरी येऊन बाबांच्या शेजारी त्यांचा फोटो लावला आणि हार घातला. त्यांना 'म्हणे' चाललं नसतं.

लायब्ररीत त्यांच्यासाठी सगळे जमलो, तेव्हा ड्रमरही आला. आता काठीबरोबर नातीचा हातही लागत होता. नागपूरहून आई व्हिडिओवर होती. बाईंनी हळूच, जरा संकोचाने, सगळ्यांच्या मनातला प्रश्न काढला, की आता ती मोकळी जागा पुढे कोण भरणार. ड्रमर हॅट मागे सरकवून हसला.

"मला रंगवायचा हक्क एकाच माणसाला होता," तो म्हणाला. "तो माझ्याआधी गेला. म्हणजे आता मला मरायची सोयच उरली नाही."

मग त्याने काकांना हार पार टोकापर्यंत लावायला सांगितला. काकांना ऐकण्यात चूक झाली असं वाटलं. "नो नो, सर, ते चालत नाही," ते माझ्याकडे बघत कळवळले. "लाव," म्हातारा म्हणाला, "मागच्या वेळी आयुष्य वाढलं होतं." फोनमधून आईचा हसण्याचा आवाज आला. काकांनी शिडी चढून हार राखाडी चेहऱ्यावरून नेला. ड्रमरने हात पुढे केला. घरमालकांची मेणाची सुरी त्यांच्या मुलीने मला दिली होती, ती मी त्याच्या हातात ठेवली. नातीने त्याला धरलं, त्याने हात वर नेऊन चेहऱ्यापुढे लोंबणारा हार स्वतःच कापला, उरलेला तुकडा गळ्यात घातला, आणि टेबलाकडे वळत म्हणाला, "पेपर आणा. वाजवायचं आहे."